साठी आली आणि मी टांझानियात. वाढदिवस करू की गुपचूप राहू?

कृष्णाकाठची | १४ जुलै २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

येत्या ८ ऑगस्टला मला साठ पूर्ण होतात. वाई तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. २०२२ मध्ये निवृत्त झाले आणि फेब्रुवारी २०२३ पासून इथे मोरोगोरोला स्वयंसेवक म्हणून आहे. पगार नाही. एक खोली, आणि जेवणखाण-बसभाडं भागेल एवढा भत्ता. काम म्हणजे सरकारी माध्यमिक शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांबरोबर बसायचं, त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, मग चहाबरोबर बोलायचं. इथे सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीतून आणि पुढच्या वर्षी एकदम इंग्रजीतून. आपल्याकडे सेमीला टाकलेल्या खेड्यातल्या पोरांची पहिल्या सहामाहीत जी गत व्हायची, डिट्टो तीच. 'इक्वल टू' म्हटलं की फळ्याकडे न बघता आपल्या तोंडाकडे बघतात. म्हणून मला हे काम परकं वाटलं नाही.

तर प्रश्न असा. मुलगा-सून पुण्यात हॉल घ्यायचा म्हणत होते, दीडशे पानांचा. मी नको म्हटलं. यांना जाऊन सहा वर्षं झाली, एकटीला खुर्चीत बसवून ओवाळण्याचा तो सोहळा नकोसा वाटतो. खरं सांगायचं तर साठी टाळायला बरं निमित्त मिळालं म्हणून मी मनातून खूशच होते. पण शाळेच्या कार्यालयात माझ्या पासपोर्टची झेरॉक्स आहे आणि इथल्या सेक्रेटरीबाईंना तारखा पाठ असतात. त्यात ८ ऑगस्ट म्हणजे इथला 'नाने नाने', शेतकऱ्यांचा दिवस, देशभर सुट्टी. (नाने म्हणजे आठ. आठव्या महिन्याची आठ.) सगळ्यांना सुट्टी, त्यामुळे 'कामात होतो' हीही पळवाट नाही.

शिक्षकांनी कामाती नेमली आहे. कामाती म्हणजे कमिटीच. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार सगळे आहेत. आणि वर्गणी गोळा होणार, तिला म्चांगो म्हणतात. इथे लग्न, बारसं, मयत, सगळं म्चांगोवर चालतं. डोक्यावर ५,००० शिलिंग ठरलेत असं कानावर आलं, म्हणजे आपले दीडशेएक रुपये. ऐकायला कमी वाटतं, पण त्यांचे पगार मला माहीत आहेत.

मी काय करू? नको म्हणून सांगू? सगळा खर्च मी करू? की त्या दिवशी दार-एस-सलामला निघून जाऊ?

पाटावरवंटा | १४ जुलै, रात्री १०:०५

आधी आगाऊ शुभेच्छा! पळून अजिबात जाऊ नका. पुरणपोळी करा आणि सगळ्यांना खिलवा, विषय संपला.

रोखठोक | १४ जुलै, रात्री १०:५१

ताई, राग मानू नका. तुम्ही तिथे द्यायला गेला आहात. ज्यांचे पगार तुम्हाला माहीत आहेत त्यांच्याकडून वर्गणी घेऊन स्वतःचा वाढदिवस? नम्रपणे नाही म्हणा. खर्च करायचाच असेल तर तो तुमचा असू द्या.

पंचांगवाले | १५ जुलै, सकाळी ६:३०

एक गंमत सांगतो. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं असतं. तुम्ही १९६४ च्या ऑगस्टमधल्या, म्हणजे शके १८८६, क्रोधीनाम संवत्सर. यंदा शके १९४६, पुन्हा क्रोधीच! साठी या आकड्याला जे महत्त्व आलं ते यातून: जन्माचं संवत्सर परत आलं. साठीशांत करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, परदेशात जमणार नसेल तर निदान देवाजवळ दिवा लावून नमस्कार करा. ८ तारखेला श्रावण शुद्ध चतुर्थी येते, दुसऱ्या दिवशी नागपंचमी.

कृष्णाकाठची | १५ जुलै, दुपारी १:१५

पंचांगवाले, क्रोधी संवत्सर! आमच्या सासूबाईंना हे कळलं असतं तर 'तरीच' म्हणाल्या असत्या.

रोखठोक, राग कसला. माझ्याही मनात तेच आहे. उद्या बोलते.

रानवारा | १५ जुलै, दुपारी ३:२२

मी केनियात किसुमूला एका पाणीपुरवठ्याच्या प्रकल्पावर वर्षभर स्वयंसेवक होतो, तिशी तिथेच झाली. कोणालाही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ऑफिसच्या आवारात बोलावलं, 'पाइप गळतोय, बघ जरा'. मी खाली वाकलो आणि मागून तीन बादल्या पाणी. केनियात वाढदिवसाला भिजवतातच. माझा फोन खिशात होता, तो तिथेच वारला. विक्टोरिया सरोवर दहा मिनिटांवर आणि मी उभ्या उभ्या बुडालो. मुद्दा असा की गुपचूप राहण्याचा पर्याय तुमच्या हातात आहे असं समजू नका. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

दारकर | १५ जुलै, रात्री ८:४८

अहो ताई, तुम्ही मोरोगोरोत आणि आम्ही दारमध्ये, आणि ओळख इथे होतेय! मी नऊ वर्षं आहे इकडे. आता तर गेल्या महिन्यापासून नवी विजेवरची गाडी सुरू झाली आहे, दोन तासांच्या आत मोरोगोरो. किसुटूच्या दुकानातून हरभऱ्याची डाळ, वेलदोडे, काय हवं ते सांगा, ८ तारखेला घेऊन येतो. आम्हालाही सुट्टीच आहे.

म्चांगोबद्दल एक सांगतो. नाही म्हणू नका. मी पहिल्या वर्षी म्हटलं होतं, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला. ऑफिसमधला ड्रायव्हर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. का ते मला वर्षाने कळलं.

मी_नवी | १६ जुलै, सकाळी ११:०२

थोडं अवांतर: साठीच्या आसपास असं स्वयंसेवक म्हणून जाता येतं? वयाची अट नसते का? माझ्या आईला विचारायचंय.

कृष्णाकाठची | १६ जुलै, रात्री ९:३०

मी_नवी, प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे, पण अनुभव हवा असलेल्या कामांना वय आड येत नाही, उलट विचारतात. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, दोन-तीन मुलाखती आणि नोकरीची प्रमाणपत्रं. आणि आईला मच्छरदाणी लावायचा कंटाळा नसावा. बाकी व्यनि (खासगी निरोप) कर.

आता आज काय झालं ते. खजिनदार म्हणजे इथले वाणिज्याचे शिक्षक, हिशोब ठेवणं शिकवतात. त्यांना मी चहाच्या सुट्टीत गाठलं आणि रोखठोक म्हणाले तसंच सांगितलं: तुमची वर्गणी नको, खर्च मी करते. त्यांनी ऐकून घेतलं. मग टेबलाच्या खणातून एक लांबडी वही काढली, पुठ्ठ्याची, कडा लाल कापडाच्या. आपल्याकडे वाण्याकडे असते तशी. पान उलटून माझ्यासमोर धरली.

माझं नाव. खाली चौदा ओळी. कोणाचं लग्न, कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा, शिपायाच्या आईची मयत, प्रयोगशाळेतल्या मुलीचं सिझेरियन. प्रत्येकापुढे तारीख आणि मी दिलेले शिलिंग. दोन मी विसरलेही होते. ते म्हणाले, 'म्वालिमू (म्हणजे शिक्षक), हे जमेच्या बाजूला आहे. हे खातं बंद कसं करू, ते तुम्हीच सांगा. गणित तुमचं आहे.'

मी काही बोलले नाही. आईकडे अशीच वही होती, आहेराची. कोणाकडून किती भांडी आली, कोणाकडे किती द्यायची. लग्नाघरी निघताना आधी ती वही उघडायची आणि मग ट्रंक.

तर वर्गणी होतेय. मी हरलेय.

रोखठोक | १६ जुलै, रात्री १०:१४

वही पटली. पण तुमचे चौदा हप्ते आणि त्यांचा एक, दोन्हींचं वजन सारखं नाही. तुम्ही भारतात परतल्यावर पेन्शन आहे.

गणितवेडा | १६ जुलै, रात्री १०:४०

रोखठोक, मग आहेराच्या वहीत पाहुण्याचा पगार लिहायचा का शेजारी?

रोखठोक | १६ जुलै, रात्री १०:५५

लिहायचा नसतो, पण लक्षात ठेवायचा असतो.

दारकर | १७ जुलै, सकाळी ८:००

दोघंही बरोबर आहात, आणि भांडण ८ तारखेपर्यंत पुरवून वापरा. ताई, किती माणसं? डाळ किती आणू?

कृष्णाकाठची | १७ जुलै, रात्री ९:१०

चाळीस म्हणाले आहेत, म्हणजे साठ धरायची. पोळ्या लाटून भाजायला माझ्याकडे एक कोळशाची शेगडी आहे, जिको. साठ माणसांच्या पोळ्या त्यावर म्हणजे मी नागपंचमीपर्यंत भाजतच बसेन. काही सुचतंय का?

पाटावरवंटा | १७ जुलै, रात्री ९:२५

दिंड! नागपंचमीला तवा चढवत नाहीत म्हणून करतो तेच पुरणाचे दिंड. एक दिवस आधी केले तर नाग रागावणार नाही. पुरी लाटायची, मधे पुरण, चारी बाजूंनी घडी, आणि उकडायचे. मोठ्या पातेल्यावर चाळणी ठेवली की एका वेळी पंचवीस होतात. वरून तूप.

कृष्णाकाठची | १७ जुलै, रात्री ९:३१

पाटावरवंटा, तुमच्या पाया पडते. तूप इथे मिळतं, साम्ली म्हणतात. गूळही मिळतो आणि त्याचं नाव ऐका: सुकारी गुरू. साखरेचा गुरू!

रानवारा | ७ ऑगस्ट, रात्री ७:१५

उद्या! फोन पिशवीत ठेवलात ना?

पाटावरवंटा | ८ ऑगस्ट, सकाळी ६:०५

औक्षवंत व्हा ताई! फोटो टाका.

पंचांगवाले | ८ ऑगस्ट, सकाळी ६:४०

जीवेत् शरदः शतम्.

(शुभेच्छांचे आणखी २३ प्रतिसाद)

कृष्णाकाठची | ११ ऑगस्ट, दुपारी ४:००

सगळ्यांचे आभार. सविस्तर लिहिते, कारण एवढं झालंय की कोणाला तरी सांगायलाच हवं.

आधी पुरण. दारकरांची डाळ ८ ला येणार होती आणि पुरण आदल्या रात्री शिजायला हवं होतं, हा साधा हिशोब आम्हा दोघांनाही आधी सुचला नाही. इथे तूर मिळते, म्बाझी, पण सालासकट अख्खी. रात्रभर भिजवून बाबातीची एक शिक्षिका आणि मी, दोघी परातीत हात घालून सालं चोळत बसलो. बाबाती हा इथला तुरीचा मुलूख. ती म्हणाली, 'माझ्या वडिलांची तूर तुमच्याचकडे जायची. २०१७ मध्ये तुम्ही आयातीवर मर्यादा घातली आणि भाव असा पडला की वडिलांनी पोती विकलीच नाहीत, पुढे भुंगा लागला.' मला आठवलं, त्याच्या आदल्याच हंगामात आपल्याकडे तूर उदंड झाली होती आणि खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. माझ्या भावाच्या घरी तेव्हा तुरीवरून जेवणं कडू व्हायची. त्याला भाव मिळेना म्हणून तिकडचा दरवाजा लोटला, आणि तो नेमका हिच्या वडिलांच्या बोटांवर बसला. दोघींच्या घरचा तो कडवटपणा एका परातीत, आणि आम्ही त्यात गूळ घालत होतो. तिला ते फारच विचित्र वाटलं. म्बाझी ते नारळाच्या दुधात मीठ घालून खातात, सकाळी मांदाझीबरोबर, म्हणजे तळलेल्या पावाबरोबर. गोड म्बाझी म्हणजे आपल्याला कोणी गोड पिठलं वाढावं तसं.

आता म्बुझीची गोष्ट. पुरणात थोडं ओलं खोबरं घालू म्हणून मी कामातीकडे खवणी मागितली होती. इथल्या खवणीला, म्हणजे घोड्यासारखं बसून खोवायच्या लाकडी पाटाला, म्बुझी म्हणतात. शब्दशः शेळी. चिटणीस दोन दिवस येऊन सांगत होते, काळजी नको, म्बुझी आहे. मी म्हणायची, छान. माझी स्वाहिली बरी आहे, पण बरीच आहे. वस्तूला 'इपो' म्हणतात आणि जिवंत प्राण्याला 'युपो'. ते 'युपो' म्हणत होते.

तर कार्यक्रमाची वेळ सा नाने. इथे घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं: सकाळी सात म्हणजे पहिला तास. त्यामुळे आठवा तास, सा नाने, म्हणजे दुपारचे दोन. नाने नानेला सा नाने, या योगावर चिटणीस स्वतःच इतके खूश होते की ते पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापलं होतं. अर्थात लोक साडेतीनला आले.

आणि चार जणांनी एक फळी उचलून आणली. फळीवर म्बुझी. अख्खा भाजलेला बोकड, चार पायांवर उभा, तोंडात कोथिंबिरीची जुडी, गळ्यात टोमॅटोची माळ. याला न्दाफू म्हणतात, मोठ्या समारंभात केकच्या मानाने येतो. बायकांनी जीभ हलवून जो आवाज काढला त्याने माझ्या कानात दडे बसले. श्रावणातली चतुर्थी, आई असती तर भावाचा उपवास, आणि लेक बोकडापुढे सुरी घेऊन उभी. दारकर शेजारी उभे होते, ते हळूच म्हणाले, 'ताई, खवणी आली.' मला हसू आवरेना आणि सगळ्यांना वाटलं मी आनंदाने रडतेय. थोडंसं ते होतंही.

मी जन्मात मांस खाल्लेलं नाही. हे त्यांना माहीत होतं, म्हणून मुख्याध्यापिकांनी आधीच तोडगा काढला होता. पहिला तुकडा मी कापायचा, भरवायचा त्यांना. मग त्यांनी मला भरवायचं, पण ताटलीतला दिंड. त्यांनी दिंडाची घडी उघडून आत काय आहे ते नीट पाहिलं, चावला, आणि मागे वळून माझ्या त्या बाबातीच्या बाईला विचारलं, ही म्बाझीच ना? तिने छाती पुढे काढून सांगितलं, 'ही आमच्या म्बाझीची भारतातली सोय.' सत्तर दिंड होते. एकही उरला नाही. दोन-तीन जणांनी सालीबद्दल विचारलं, म्हणजे चोळणं कमी पडलं होतं.

नंतर शाळेतली पोरं ओळीने येऊन 'शिकामो' म्हणाली. मोठ्यांना नमस्कार करताना म्हणतात, मूळ अर्थ पाय धरतो. उत्तर 'मराहाबा'. रोजच म्हणतात, पण त्या दिवशी सवयीने माझ्या तोंडून मराहाबाऐवजी 'मोठा हो' निघालं, आणि मग सगळ्यांनाच तसं म्हटलं. एका पोराने दुसऱ्याला समजावलं की बीबीच्या देशात मराहाबाला असं म्हणतात. (बीबी म्हणजे इथे आजी. आधी दीड वर्ष मी 'दादा' होते, म्हणजे मोठी बहीण. साठीला बढती झाली.)

मुलाचं मात्र चुकलं. पत्रिकेचा फोटो पाठवला होता, त्याने आठ वाजता वाचलं. सगळ्यांना घरी बोलावून, केक आणून, इथल्या रात्री आठला, म्हणजे तिकडे साडेदहाला कॉल लावला. तेव्हा मी अंगणात पातेली घासत बसले होते. नात म्हणाली, 'आजी, बर्थडेला तू का भांडी घासतेस?' तिला काय सांगू, चाळीसजण घासत होते, मी हट्टाने एक पातेलं मिळवलं होतं.

रोखठोक, खजिनदारांनी दुसऱ्या दिवशी हिशोब दाखवला. उरलेले ११,५०० शिलिंग पुढच्या कार्यासाठी ठेवलेत, माझ्या नावाखाली पंधरावी ओळ म्हणून. म्हणजे मी पुन्हा जमेतच.

रोखठोक | ११ ऑगस्ट, दुपारी ४:४०

खजिनदारांना माझा दंडवत. माझे शब्द मागे. (वजनाबद्दलचा नाही, बाकीचे.)

दारकर | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ५:०५

ताईंनी भेटवस्तूचं लिहिलंच नाही. लिहा, लिहा.

आणि माझी दोन किलो हरभरा डाळ त्यांच्या फडताळात पडून आहे, याची नोंद घ्यावी.

कृष्णाकाठची | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

हो, ते राहिलं. खांग्याची, म्हणजे इथल्या बायका गुंडाळतात त्या छापील सुती कापडाची, जोडी मिळाली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. उघडलं तर कुदळ! जेंबे म्हणतात, आपल्यापेक्षा रुंद पात्याची. नुसतं पातं, दांडा नाही. इथे म्हण आहे: पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याला जेंबे द्या. अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला द्यायला आम्ही दीड वर्ष उशीर केला, नाने नानेचा मुहूर्त लागला. दांडा मुद्दाम दिला नाही, विमानात मावायला हवी म्हणून.

तर आता शेवटचा प्रश्न, जाणकारांना: पातं सामानात चालतं ना? फेब्रुवारीत परतायचंय.

दारकर | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३१

मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको. सुती कापडात गुंडाळा, नाहीतर खांग्याला भोक पडेल.

पाटावरवंटा | ११ ऑगस्ट, रात्री ८:१०

वाईला आलात की बाभळीचा दांडा बसवून घ्या. हलकं लाकूड घेऊ नका, आठवड्यात फुटतं.

कृष्णाकाठची | १२ ऑगस्ट, सकाळी ७:१५

बॅगेचा प्रश्न परत उघडा आहे. शेजारच्या आजोबांनी काल पातं पाहिलं आणि आज पहाटे दांडा ठोकून दारात आणून ठेवलं. म्हणतात, नोव्हेंबरच्या पावसाआधी परस खणून झाला पाहिजे, मका लावायचाय. कोणाचा, ते काही बोलले नाहीत.